बंड्याला कोणते औषध दिलेत?

गोव्यात आमच्या फोंड्याच्या बाजारात भेटणारे असोत की चवथीला गणपती पाहायला घरी येणारे असोत, मला एक प्रश्न हमखास विचारतात: "बंड्याच्या अंगावरचे ते फोड गेले कसे? कोणते औषध दिलेत?" विचारणाऱ्याच्या घरीही बहुधा असाच एखादा खाजवून बेजार झालेला कुत्रा असतो आणि त्याला औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून हवे असते. असे नाव माझ्याकडे नाही. तीन पावसाळे मीही ते नावच शोधत होतो आणि त्या शोधापायी बंड्याचे हाल झाले, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

बंड्याची आई गावठी आणि बाप शेजारच्या वाड्यावरचा लॅब्रॅडॉर. तो दीड वर्षाचा असताना, ऐन जुलैत, त्याच्या पोटावर आणि जांघांत पिवळसर तोंडाचे बारीक फोड दिसू लागले. फोड एकदोन दिवसांत फुटे, त्यावर खपली धरे आणि खपली पडली की मागे रुपयाएवढे वर्तुळ उरे. कडेने पातळ पापुद्रा सुटलेला आणि मध्ये कातडी काळपट. वर्तुळ दिसले म्हणजे नायटा, असे मी ठरवूनच टाकले आणि औषधांच्या दुकानातून माणसांच्या नायट्याची ट्यूब आणली. तीन दिवसांत लाली गेली, खाजही थांबली, आणि पंधरा दिवसांत फोड दुप्पट झाले. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते, हे मला फार उशिरा कळले. स्टेरॉइडने दाह दबतो, पण त्याबरोबर कातडीची रोगाशी झुंजण्याची ताकदही दबते. शिवाय तो नायटा नव्हताच. नायटा बुरशीचा असतो, बंड्याचे फोड जिवाणूंचे होते.

पुढची दोन वर्षे एका दवाखान्याच्या फेऱ्यांत गेली. दर वेळी एक इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळत. फोड जात आणि महिन्याभरात परत येत. कातडीचा नमुना काचेवर घेऊन पाहावा असे तिथे कोणाला वाटले नाही. पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणे बरे नाही. एकदा त्यांनी एकवीस दिवसांच्या गोळ्या दिल्या असताना खपल्या पडलेल्या पाहून मी नवव्या दिवशी त्या बंद केल्या आणि उरलेल्या पुढच्या खेपेसाठी कपाटात जपून ठेवल्या. ही काटकसर पुढे महागात पडली.

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी बंड्याला उताणा केला, पोटावरच्या एका वर्तुळावर पारदर्शक चिकटपट्टी दाबली आणि ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मग पात्याने कातडी किंचित रक्त येईपर्यंत खरवडली, कारण खरजेचे काही किडे केसांच्या मुळाशी खोल दडलेले असतात. किडे निघाले नाहीत, गोल जिवाणूंचे पुंजके मात्र स्पष्ट दिसले. पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग म्हणून त्यांनी खपलीखालचा स्राव तपासणीला पाठवला. मी ज्या गोळ्या अर्धवट देत आलो होतो, नेमक्या त्यांनाच ते जिवाणू दाद देत नाहीत, असा अहवाल आला. हे सगळे झाल्यावर त्यांनी विचारले, "आधी फोड येतात की आधी खाज सुटते?"

मला सांगता येईना. तीन वर्षे कुत्रा डोळ्यांसमोर खाजवत होता आणि एवढी साधी गोष्ट मी पाहिली नव्हती.

सगळी मेख त्या प्रश्नात होती. हे फोड आणणारा जिवाणू, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस, निरोगी कुत्र्याच्या अंगावर आणि नाकातोंडातही असतोच. तो बाहेरून येऊन चिकटत नाही; कातडी कमकुवत झाली की घरातलाच माणूस उठावा तसा उठतो. म्हणजे संसर्ग वारंवार होत असेल तर कातडीला आधी कोण दुबळे करते आहे ते शोधायला हवे: पिसवा, खाण्यातली किंवा हवेतली ॲलर्जी, थायरॉइडची कमतरता, अशी कारणे एकेक करून तपासायची. मी बारकाईने पाहू लागलो, तेव्हा मे महिन्यातच, कातडी स्वच्छ असताना, बंड्या पंजे चाटू लागतो हे लक्षात आले. आधी खाज होती.

पिसवा आमच्याकडे नाहीत, असे मी छातीठोकपणे सांगितले होते. डॉक्टरबाईंनी त्याच्या शेपटीच्या मुळाशी कंगवा फिरवून पडलेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाकली, तशी तिच्याभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेले रक्त. अंडी आणि अळ्या घरातच वाढतात, म्हणून पिसवांवरची महिन्याची गोळी चालू केलीच, शिवाय बंड्या ज्या गोणपाटावर निजे ते जाळून टाकले. जुलैत गोणपाट कधी वाळत नाही. आता जुन्या चादरी आळीपाळीने वापरतो.

खाण्याची परीक्षा सर्वांत जड गेली. आठ आठवडे त्याने कधी न खाल्लेले मांस आणि रताळे, याखेरीज काही द्यायचे नाही. आमच्याकडे कुत्रा शितकडीवर वाढतो आणि सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला की त्याला पोये या पावाचा तुकडा मिळतो. पहिली खेप शेजारच्या आजींच्या मायेपायी तिसऱ्या आठवड्यात मोडली, दुसरी पार पडली. खाज कमी झाली नाही, जुने खाणे पुन्हा सुरू केले तेव्हा वाढलीही नाही. अन्न निर्दोष ठरले. थायरॉइडही ठीक निघाले. उरली ती धूळ, परागकण अशा हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी. ती मुळापासून जात नाही, आवरता येते. त्यासाठी खाजेवरची गोळी तो मोसमापुरती घेतो.

फोडांवर मात्र आता आधी आंघोळ, आणि तिने भागले नाही तरच डॉक्टरांना विचारून प्रतिजैविक. शाम्पू क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाचा. उगवलेले फोड आवरेपर्यंत आठवड्यातून दोनदा, एरवी पावसाळाभर एकदा. त्यात खुबी नावाची नाही, घड्याळाची आहे: फेस अंगावर दहा मिनिटे राहिला पाहिजे. दहा मिनिटे म्हणजे किती, हे ओल्या कुत्र्याला धरून बसल्याखेरीज कळत नाही. तिसऱ्या मिनिटाला तो अंग झाडतो आणि निम्मा फेस माझ्या सदऱ्यावर येतो. मग भरपूर पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करायचे, कारण तिथे ओल राहिली की बुरशी धरते आणि आंबूस वास सुटतो. खोबरेल आणि हळद लावू का, असेही विचारतात. मी दोन्ही लावून पाहिले. बंड्याने चाटून पोट बिघडवून घेतले आणि खाटेची चादर पिवळी केली. टी ट्री तेल मात्र चुकूनही लावू नका, ते कुत्र्यांना विषारी आहे.

मे संपताना आम्ही पुरुमेताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, मीठ, मिरच्या, सुके बांगडे भरतो, त्यांच्या शेजारी आता शाम्पूच्या दोन बाटल्या असतात. यंदा चवथीच्या आधी जांघेत चार फोड आले होते. पाच आंघोळींत गेले. पाहुणे आले तेव्हा बंड्या बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, उताणा पडला होता, आणि त्याचे पोट पाहूनच कोणीतरी पुन्हा औषधाचे नाव विचारले.