शाळेच्या पत्र्यावरचं पाणी टाकीत यायला दोन वर्षं लागली – माझा अनुभव

यू-डायसचा (शाळांची माहिती गोळा करायची सरकारी नोंद) फॉर्म भरताना एक प्रश्न येतो, शाळेत पावसाचं पाणी साठवायची सोय आहे का. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, सलग चार वर्षं तिथे 'नाही' असं लिहिलं आणि दरवेळी वाईट वाटलं. आमचा भाग दुष्काळी, वर्षाला साडेचारशे मिलीमीटर पाऊस, तोही पत्र्यावरून ग्राउंडवर आणि तिथून थेट ओढ्याला, आणि मार्च लागला की मुलं घरून बाटल्या आणणार, टॉयलेटला टँकर.

मग सातवीच्या मुलांना घेऊन टेपने छप्पर मोजलं, १६० चौरस मीटर भरलं. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे मुलांनीच फळ्यावर मांडलं, १६० गुणिले ४५०, ७२ हजार लिटर. त्यातलं वीस टक्के उडून सांडून गेलं धरलं तरी ५७,६०० उरतं. आकडा बघून मुलं गप्पच झाली, मी पण.

२०२२ च्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शाळा व्यवस्थापन समितीचा पावसाच्या पाण्याच्या टाकीचा ठराव घेऊन गेले, सगळ्यांनी हात वर केले, मला वाटलं झालं काम. पण पुढच्या वर्षी भाऊसाहेबांकडे (आमचे ग्रामसेवक) गेले तर ते म्हणाले, "बाई, तुमचं काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शिक्षणाच्या खाली पडलंय, त्याला बंधित निधी लावता येत नाही आणि अबंधित तर संपला."

ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर एक वर्ष वाचलं असतं म्हणून नीट लिहिते. पंधराव्या वित्त आयोगातून (२०२१-२२ ते २०२५-२६) ग्रामपंचायतीला जे पैसे यायचे त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचे, असायचे, त्यातले निम्मे स्वच्छतेला आणि निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर याला. म्हणजे आपल्या कामासाठी पैसा हक्काने ठेवलेलाच होता, फक्त काम ई-ग्रामस्वराजवर (आराखडा अपलोड करायचं सरकारी पोर्टल) पाण्याच्या सदरात चढलं पाहिजे, शाळेचं काम म्हणून शिक्षणात टाकलं की अडकलं. आराखडा अपलोड व्हायच्या आधी स्वतः जाऊन स्क्रीनवर बघा, मी दुसऱ्या वर्षी भाऊसाहेबांशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

तेच वर्ष पावसाने दगा दिला, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि ग्रामसभेत यावेळी मला बोलावंच लागलं नाही, बायकाच उठून बोलल्या.

अंदाजपत्रक आलं ते स्लॅबच्या इमारतीचं, आमचा तर पत्रा. स्लॅबला नुसते पाईप काढले की भागतं, पत्र्याला कडेने पन्हळ लागते आणि तिला एका बाजूला उतार. शिवाय पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्हच धरला नव्हता, पत्र्यावर वर्षभराची धूळ, पालापाचोळा, कबुतरांची घाण, ते सगळं टाकीत गेलं तर मुलांचे हात कशाने धुवायचे? इंजिनिअर साहेबांना शाळेत बोलावून शिडीवर चढून दाखवलं, त्यांनी तिथेच दुरुस्ती करून दिली, त्यांचे आभार मानते. मग तांत्रिक मान्यता आली आणि तोवर लोकसभेची आचारसंहिता! काम सुरू व्हायला जून संपला, निम्मा पाऊस डोळ्यांसमोर वाहून गेला त्याचं अजून वाईट वाटतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये १० हजार लिटरची टाकी पहिल्यांदा भरली. खडी, वाळू, कोळशाचा फिल्टर आहे, जास्तीचं पाणी बोअरशेजारच्या खड्ड्यात जिरतं. हात धुवायला दाबायचे नळ बसवले, सोडला की बंद होतात, आणि ते सांडपाणी परसबागेतल्या केळींना. प्यायला हे पाणी आम्ही वापरत नाही, ते गावच्या नळाचंच. पहिल्या पावसाचा व्हॉल्व्ह सातवीची दोन मुलं सांभाळतात, ढग आले की वर्गातून माझ्याकडे बघतात.

साठ मुलं, रोज माणशी तीन लिटर, म्हणजे पाऊस थांबल्यावर भरलेली टाकी साधारण पंचावन्न दिवस पुरते. दिवाळीची सुट्टी धरूनही ती जानेवारीत संपली आणि मार्चला परत टँकर आलाच. ५७ हजार लिटरच्या छपराला १० हजारची टाकी कमीच पडणार, पण सुरुवातीला तेवढंच बजेट बसत होतं. दुसऱ्या टाकीचा अर्ज देऊन आलेय, वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, सदर: पाणी.