मे महिन्यातली ह्युरॉन आणि घरटं राखणारा बास

ह्युरॉन नदीचं पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या साडेपंधरा सेल्सिअसच्या आसपास पोचलं की स्मॉलमाउथ बास हा मासा खोल डोह सोडून काठाशी येऊ लागतो. अमेरिकेत, दक्षिण मिशिगनमध्ये हे बहुतेक मेच्या मध्याला होतं, थंडी लांबली तर महिनाअखेर. झाडांना पालवी फुटलेली असते, लायलॅकच्या फुलांचा वास सुटलेला असतो, आणि नदीकाठी पाणकणसात लाल खांद्यांचे काळे पक्षी दिवसभर ओरडत असतात. मासे गरवणाऱ्यांसाठी वर्षातले हे सगळ्यात सोपे दिवस. माझ्या मते सगळ्यात जबाबदारीचेही.

आई आणि आबा महाडहून उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आलेत. आबांचं सगळं आयुष्य नदीच्या सोबतीने गेलं, त्यामुळे त्यांना मॉल आणि म्युझियम दाखवण्याआधी नदी दाखवायची हे माझ्या मनात पक्कं होतं. आईने थालीपिठं आणि लसणाची चटणी बांधून दिली आणि शनिवारी पहाटे आम्ही दोघे निघालो.

आमच्या नोव्हायहून डेक्स्टर गावाला जायला हायवेचा सरळ रस्ता आहे. आम्ही मुद्दाम अॅन आर्बरवरून, ह्युरॉन रिव्हर ड्राइव्हने गेलो. हा अरुंद, वळणावळणाचा रस्ता नदीला धरून जातो. एका अंगाला झाडी, दुसऱ्या अंगाला पाणी. सकाळी सायकलवाल्यांची गर्दी असते म्हणून गाडी हळूच हाकावी लागते, आणि हळू हाकली तरच नदी दिसते. आबा खिडकीची काच खाली करून बसले होते. "पाण्याला उतार बरा आहे," ते म्हणाले. "आणि तळ खड्याचा आहे. मासा असणार."

ह्युरॉन तशी फार मोठी नाही. ओकलंड काउंटीतल्या दलदलीतून निघते आणि सुमारे दोनशे किलोमीटर वळसे घेत ईरी सरोवराला मिळते. वाटेत तिच्यावर बरीच धरणं आहेत, पण डेक्स्टरच्या आसपास ती मोकळी वाहते. या भागाला राज्याने १९७७ साली 'नॅचरल रिव्हर' म्हणून संरक्षण दिलं, त्यामुळे काठाला लागून बांधकामं फारशी नाहीत. डेक्स्टर गावात मिल क्रीक नावाचा ओढा येऊन मिळतो. त्याच्यावरचं जुनं धरण २००८ मध्ये काढलं आणि तिथे तळ्याच्या जागी पुन्हा खळाळता ओढा झाला. गावात गेलात तर तिथल्या लाकडी पायवाटेवरून जरूर चाला.

डेक्स्टर-ह्युरॉन मेट्रोपार्कात गाडी लावली आणि सामान काढलं. आबांसाठी एका दिवसाचं परप्रांतीय लायसन्स ऑनलाइन काढलं होतं. इथे सतरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते लागतं. नियमही त्यांना सांगून ठेवले. मिशिगनमध्ये २०१५ पासून बास वर्षभर पकडता येतो, पण लगेच सोडायचा. घरी न्यायचा हंगाम मेच्या अखेरीस सुरू होतो आणि तेव्हाही मासा किमान चौदा इंच हवा. मास्ट रोडच्या पुलापासून डेल्हाय पुलापर्यंतच्या या पट्ट्यात मात्र बास कधीच न्यायचा नाही. शिवाय २०१८ मध्ये या नदीतल्या माशांत पीएफएएस नावाची रसायनं सापडली आणि आरोग्य खात्याने मासे खाऊ नका असं जाहीर केलं. तेव्हापासून मी इथला मासा खायचा विचारच केलेला नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "खायचा नाही, न्यायचा नाही. मग तो बघायचा तरी नीट," ते म्हणाले. मला ते फार पटलं.

म्हणून गळ टाकायच्या आधी बघायला गेलो. पोलराइज्ड चष्मा लावला की पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ स्पष्ट दिसतो. मे महिन्यात मी गरीच्याही आधी तो चष्मा पिशवीत टाकतो. काठाकाठाने चालत, पाण्यात पाय न घालता, आम्ही एका पडलेल्या ओंडक्यापाशी आलो. ओंडक्याच्या खालच्या बाजूला पाणी संथ होतं, गुडघाभर खोल. आजूबाजूचा तळ शेवाळाने तपकिरी झालेला, आणि मध्येच परातीएवढी एक फिकट, स्वच्छ गोल जागा. बारीक खडे धुऊन पसरल्यासारखे. नर शेपटीने झाडून ही जागा तयार करतो.

तो होताच. पितळी रंगाचा, अंगावर उभे काळपट पट्टे, डोळा लालभडक. शेपटीची खालची कडा झिजून पांढरी पडली होती. खड्यांवर एका वितीच्या उंचीवर तो जागच्या जागी तरंगत होता आणि छातीजवळचे पर सतत हलत होते. त्या हालचालीने अंड्यांवरून ताजं पाणी फिरत राहतं आणि त्यांच्यावर गाळ बसत नाही. रॉक बास नावाचा एक छोटा मासा ओंडक्याखालून पुढे सरकला. नर तीरासारखा त्याच्या अंगावर गेला, त्याला हातभर लांब हुसकावलं आणि तेवढ्याच वेगाने परत जागेवर आला. मग दुसऱ्या बाजूने दुसरा आला. पुन्हा तेच. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात त्याला उसंत मिळाली नाही.

"मादी कुठाय?" आबांनी विचारलं.

"गेली. गाबोळी टाकली की ती निघून जाते. हजारो अंडी असतात. पुढचं सगळं हाच बघतो."

"किती दिवस?"

पाण्याच्या तापमानानुसार आठवडाभर इकडेतिकडे अंडी फुटतात. मग पिल्लं आधी खड्यांच्या फटीत राहतात, नंतर काळ्या ठिपक्यांसारखी वर येतात, आणि ती विखुरेपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे नर त्यांच्याभोवती फिरत असतो. या काळात तो धड खातही नाही. आणि म्हणूनच तो सहज गळाला लागतो: घरट्यावर काहीही पडलं, तरी तो ते तोंडात धरून बाहेर काढायला धावतो. भूक म्हणून नव्हे, राखण म्हणून.

ऑन्टारिओत क्वीन्स विद्यापीठाचं ओपिनिकॉन सरोवरावर संशोधन केंद्र आहे. तिथे बासच्या घरट्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास झालाय. नर गळाला लावून थोड्या वेळाने सोडला तरी तेवढ्यात बाकीचे मासे अंड्यांवर तुटून पडतात, आणि परतलेल्या नराला पिल्लावळ फार कमी झालेली दिसली तर तो घरटं सोडूनही देतो. शिवाय मोठी पिल्लावळ राखणारा नर जास्त त्वेषाने धावून येतो, म्हणजे गळाला लागण्याची शक्यता त्याचीच जास्त. नदीतल्या एकूण संख्येवर याचा किती परिणाम होतो यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि कायदा मला अडवत नाही. पण डोळ्यांना दिसणाऱ्या घरट्यावर मी गळ टाकत नाही. ज्याला हलता येत नाही त्याला पकडण्यात कसब ते काय?

आबा बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "आपल्याकडे चढणीचा मासा धरतात ना, मिरगाच्या पावसात. पोट गाबोळीने गच्च भरलेलं असतं. लहानपणी आम्ही शेतातनं टोपलीने धरलेत. आणि तिकडे वाळण कोंडात कोणी गळ टाकत नाही. देवीचे मासे." काळ नदीतला वाळण कोंड आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, वरदायिनीच्या नावाने तिथले महासीर राखलेत, लोक त्यांना चुरमुरे टाकतात. एकाच तालुक्यात दोन्ही रीती. मला वाटतं, जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते तशी अंडी घालायला ओढ्यात वर चढणाऱ्या या माशालाही मोकळीक मिळायला हवी. ओढे आटतायत, बंधारे वाढतायत, आणि चढणारा मासा दरवर्षी कमी दिसतो असं आबाच सांगतात.

गरवायला आम्ही खाली, खळाळ संपून पाणी खोल होतं तिथे गेलो. छातीभर पाणी, मध्यम ओढ, तळाला मोठे धोंडे. घरटी अशा जागी सहसा नसतात. अंडी घालून परतलेल्या माद्या आणि घरट्याच्या भानगडीत न पडलेले मासे मिळतात. तंगूसाला तपकिरी ट्यूब जिग, म्हणजे वजन लावलेलं मऊ नळीसारखं खोटं आमिष, बांधलं. ते तळाशी घरंगळताना क्रेफिशसारखं, म्हणजे नदीतल्या छोट्या शेवंडासारखं दिसतं, आणि क्रेफिश हे बासचं आवडतं खाणं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला, म्हणजे तो पटकन निघतो.

रीळ आबांच्या हाताला नवं होतं, पण तळ वाचायची सवय जुनी. त्यांनी दोन बोटांत तंगूस धरलं आणि डोळे मिटूनच उभे राहिले. जिग धोंड्यावर टेकलं की "दगड", वाळूत गेलं की "रेती", असं पुटपुटत होते. मग काही न बोलता त्यांनी हात मागे घेतला आणि गरी वाकली. मासा आधी तळाकडे गेला, मग प्रवाहात आडवा झाला आणि अचानक पाण्याबाहेर उसळला. स्मॉलमाउथची ही उडी बघायला मी कितीही लांब जाईन. आबा घाई करत नव्हते. तो दमेल तसा ओढत त्यांनी काठाशी आणला.

हात ओले करून मी त्याला पाण्यातच धरलं. साधारण सोळा इंच. इथल्या थंड पाण्यात एवढं व्हायला माशाला सहा-सात वर्षं सहज लागतात. गळ काढला, तोंड प्रवाहाकडे केलं. आबांनी पुढे होऊन स्वतः त्याच्या पोटाखाली हात धरला, आणि शेपटीचा फटका मारून तो गेला तेव्हा मोठ्याने हसले.

दुपारी थालीपिठं खाताना पिकनिकच्या टेबलावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो घरट्याचा: पिल्लं कधी दिसतील? जूनच्या सुरुवातीला परत गेलो. मधल्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला होता, नदी चढून उतरली होती, आणि ओंडक्याजवळच्या त्या जागेवर गाळ बसला होता. पुराने घरटी जातात. ह्युरॉनवर हे बऱ्याच वर्षी होतं. पण पलीकडच्या मोठ्या धोंड्याच्या आडोशाला दुसरा एक नर होता आणि त्याच्याखाली काळ्या पिल्लांचा थवा. आबांनी त्याचा व्हिडिओ काढून लगेच गावच्या ग्रुपवर टाकला.

तुम्ही मे महिन्यात गेलात तर शक्यतो काठावरूनच हिंडा. पाण्यात उतरायचंच असेल तर गुडघाभर पाण्यात प्रत्येक पाऊल बघून टाका. फिकट गोल जागा दिसली की लांबून वळसा घाला. उथळ पाण्यात मासा लागला आणि सोडल्यावर त्याच जागी परत गेला, तर समजा तिथे घरटं आहे, आणि तिथून पुढे चला. जूनच्या अखेरीस पिल्लं विखुरतात, नर मोकळे होतात, खायला सुटतात, आणि पहाटे पाण्याच्या पृष्ठभागावर पॉपर हे तरंगणारं आमिष टाकून गरवायचे दिवस येतात. आबा ऑगस्टपर्यंत आहेत. या वेळी त्यांच्यासाठी वर्षाचं लायसन्स काढलंय.