नाशिकचा बेत, फेब्रुवारीवर ढकललेला

रविवार, रात्री

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली आहे ही बातमी माझ्या नवऱ्याच्या आधी अख्ख्या ठाण्याला लागलेली दिसते. दुपारी जेवणं झाल्यावर त्याने जाहीर केलं, "शनिवार, रविवार, सोमवार नाशिक. द्राक्षबागेत राहू, वाईन पिऊ, झोपू." लेक पुण्याला होस्टेलवर गेल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलेलो नाही. त्यामुळे मी काही आढेवेढे घेतले नाहीत, सरळ लॅपटॉप उघडला. गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टचा त्या तीन दिवसांचा भाव पाहिला आणि मुकाट्याने तो मिटला. थोड्या वेळाने पुन्हा उघडून त्याच खोलीचा त्यापुढच्या बुधवारचा भाव पाहिला. जवळजवळ निम्मा!

शिवाय २६ जानेवारी म्हणजे ड्राय डे. एवढे पैसे मोजून वायनरीत जायचं आणि शेवटच्या दिवशी लिंबू सरबत पिऊन परतायचं. हे सांगितल्यावर नवरा पाच मिनिटं गप्प. मग म्हणाला, "त्याच्या पुढचा आठवडा बघ." त्या आठवड्यात ३० जानेवारी, तोही ड्राय डे. गांधीजींनी आमच्या सहलीचं चांगलंच मनावर घेतलेलं दिसतंय.

मग नवऱ्याने नकाशाच काढला. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्राटेली वायनरीच्या बागा आहेत, पण ठाण्याहून अकलूज म्हणजे जाण्यातच दिवस मोडणार. माळशेज चढून गेलं की नारायणगाव. तिथे शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच पद्धतीची फसफसती वाईन काढली होती, पण त्यांच्या शातो इंडाजचा बाजार केव्हाच उठला. फिरून फिरून गाडी नाशिकवरच आली. दीडशे किलोमीटर, वर हवा थंड, आणि काही वायनरी एकमेकींच्या जवळ. सुला आणि यॉर्क तर अगदी शेजारी.

संध्याकाळी सुलाबद्दल वाचत बसले. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकच्या घरच्या जमिनीवर आले, ते वाईन करायची असं ठरवून नव्हेच. आधी हापूस लावून पाहिला, गुलाब, साग, खायची द्राक्षं. मग १९९६च्या सुमारास त्यांच्या डोक्यात वाईनच्या द्राक्षांनी घर केलं. कंपनी १९९९ची, आणि नाव आईचं, सुलभाचं. हे सगळं आवडलं. त्यांचे आणि बाकीच्यांचेही फोटो मात्र आवडले नाहीत. सगळ्यांना आपण टस्कनीत आहोत असं दाखवायचं असतं. मागे हिरव्या ओळी, पुढे पांढरा फ्रॉक, हातात ग्लास. त्या ओळींत वाकून काम करणाऱ्या बायका एकाही फोटोत नाहीत. आणि टोपात उभं राहून द्राक्षं तुडवायचा तो कार्यक्रम! आत क्रशर आणि स्टीलच्या टाक्या बसवलेल्या असताना बाहेर पाय कशाला माखून घ्यायचे, ते मला कळलेलं नाही. नवऱ्याला तो करायचाच आहे. करू दे.

आईंना अजून सांगितलेलं नाही.

बुधवार, संक्रांत

आज सांगितलं. म्हणजे सांगावं लागलं, कारण तिळाच्या वड्या थापताना नवरा आत येऊन "वायनरीवाल्यांचा फोन आला का गं?" असं मोठ्याने विचारून गेला.

आमच्या घरात दारूचं नाव कुणी काढत नाही. २०२२ साली सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला (तो पुढे अमलात आलाच नाही), तेव्हा बातम्या बघता बघता आई ताडकन उठून आत गेल्या होत्या. त्यांना ते पटलेलं नाही, माळकरी घरातल्या आहेत, असं मी तेव्हा धरून चालले. आजही बोलणी खायची तयारी ठेवूनच म्हटलं, "आई, आम्ही दोघं नाशिकला जाऊन यावं म्हणतोय. वाईनच्या बागा बघायला."

त्यांनी वडी कापायची थांबवली नाही. "आत्ता? जानेवारीत? आत्ता मणी आंबट असतील. थंडीनं साखर भरत नाही. फेब्रुवारीत जा."

आईंचं माहेर निफाड तालुक्यातलं. हे मला लग्नापासून माहीत आहे, पण त्या तिकडच्या द्राक्षांबद्दल अशा भडाभडा बोलल्या, त्या आज पहिल्यांदाच. पेपरात दर हिवाळ्यात 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते, ती आपण ठाण्यात पंखा लावून वाचतो. त्यांच्याकडे त्या रात्री कुणी झोपायचं नाही. बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करायचा, पहाटे पाणी सोडायचं, म्हणजे जमिनीलगतची हवा जरा उबदार राहते. नाही तर तयार होत आलेला मणी तडकतो, आणि तडकलेला घड व्यापारी हातात धरत नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. वेल वर्षातून दोनदा छाटायचा आणि पीक एकदाच घ्यायचं. भुरी, डावणी असले रोग, त्यांच्या फवारण्या. घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या औषधाच्या, पाण्यात बुडवायचे म्हणजे मणी लांबट आणि फुगीर होतो, त्यासाठी बायका त्या पाण्याने भरलेला मग घेऊन घडाघडापाशी उभ्या. आईंनी कढईतलं उलथनं बाजूला ठेवून हाताने दाखवलं. डाव्या हातात मग, उजव्या हाताने घड नुसता टेकवल्यासारखा धरायचा, खालून मग वर आणायचा, घड बुडाला की हलकेच झटकायचा. मणी चोळला गेला तर त्यावरचा मेणासारखा पातळ थर जातो आणि मालाला डाग दिसतो. सत्तरी ओलांडलेल्या हाताला ते सगळं जसंच्या तसं आठवत होतं.

"मग वाईनची द्राक्षं वेगळी असतात का हो?" मी विचारलं. मला उत्तर साधारण ठाऊक होतं. पण ऐकायचं होतं.

"वेगळी म्हणजे काय! बारीक. मण्यात बी, साल जाड. फुगवायचीच नाहीत ती. मामाने लावली होती ना एक एकर."

हे मला कधीच कुणी सांगितलेलं नव्हतं. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं आणि थॉमसनच्या, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाच्या, भावाला कंटाळलेल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती लावल्या. मामांनीही कर्ज काढून लावल्या. पहिली काही वर्षं बरी गेली. मग २००८-०९ची मंदी आली, वाईनचा खप आटला आणि ज्या वायनरीशी बोलणं झालं होतं तिने माल उचलायला नकार दिला. थॉमसनचा भाव पडला तर माणूस निदान बेदाणा करतो, रस्त्याकडेला पेट्या मांडून बसतो. शिराझ या वाईनच्या जातीचा बारीक, बियांचा, जाड सालीचा घड बाजारात नेऊन कोण विकत घेणार? तो वेलावरच राहिला. पुढच्या वर्षी मामांनी बाग उपटली. एकट्या मामांनीच नव्हे, त्या भागात अनेकांनी उपटल्या.

म्हणजे आई त्या दिवशी टीव्हीसमोरून उठून गेल्या त्या वाईन पिण्याच्या रागाने नव्हे.

"प्यायचं तर प्या," त्या म्हणाल्या, "पण तिथं गेल्यावर विचारा, शेतकऱ्याला किलोला काय देतात." मग तीळगूळ डब्यात भरून खाली हळदीकुंकवाला गेल्या. तिथे त्यांनी सोसायटीच्या सगळ्या बायकांना आमचा बेत सांगून टाकला, हे मला तळमजल्यावरच्या वहिनींच्या नजरेवरून कळलं.

शुक्रवार

ऑफिसात साहेबांनी फेब्रुवारीतल्या रजेला मान हलवली. लेखी काही नाही.

शनिवार

जायचं कशाने, यावर दोन दिवस चर्चासत्र चाललंय. नवऱ्याचं म्हणणं गाडी. समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा, इगतपुरी ते आमणे, जून २०२५मध्ये खुला झाला. आता कसारा घाट टाळून पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून सुसाट वर पोचता येतं, हे तो आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगतोच. खरं आहे. पण आमणेपर्यंत पोचायला माजिवडा, खारेगाव, माणकोली, रांजनोली आहेच की. तिथे रस्ता रुंद करताहेत, आणि तो रुंद होईपर्यंत आहे त्याहून अरुंद. समृद्धीवर वाचवलेला वेळ भिवंडी बायपासवर आधीच भरून द्यावा लागतो.

माझा मुद्दा त्याहून साधा आहे. वायनरीत टेस्टिंगला पाच-सहा प्रकार देतात. आधी फसफसती, मग पांढऱ्या, रोझे, मग लाल, शेवटी गोड. घोट लहान असले तरी ते घेऊन स्टिअरिंगवर कुणी बसायचं? "मी थुंकेन," नवरा म्हणाला. "खरे चाखणारे थुंकतातच, तिथे त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं." आई आतून म्हणाल्या, "पैसे देऊन थुंकायला नाशिकला जातोस?" गाडीचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

मग रेल्वे. शिर्डीची वंदे भारत सकाळी ठाण्याला थांबते आणि नऊच्या आसपास नाशिकरोडला उतरवते. आईंना ती नको होती. त्यांच्या आठवणीत कसाऱ्याला गाडी थांबते, मागून इंजिनं जोडतात आणि खालून वडे येतात. वंदे भारतला मागून इंजिन लागतच नाही, ती थेट घाट चढते, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला. पण दुसऱ्या गाड्यांच्या गर्दीच्या डब्यात त्यांचे गुडघे टिकायचे नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. त्या येताहेत हे लिहायचं राहिलंच. काल रात्री त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. आम्ही दोघं गंगापूरच्या बाजूला राहायचं, त्या मामांकडे. भाचा नाशिकरोडला गाडी घेऊन येईल. दोघांची सहल तिघांची झाली म्हणून मी थोडी खट्टू झाले होते. रात्री ताळेबंद मांडला तर दोन रात्री आमच्या आम्हालाच आहेत, आणि परतीच्या दिवशी आई आमच्यासोबत.

बाकी बारीकसारीक जमवलंय. दिवसाला एकच वायनरी. शनिवार-रविवार सोडून, कारण त्या दोन दिवसांत मुंबई-ठाणे-पुणे तिथे एकाच टेबलावर बसलेलं असतं. तोडणी पहाटेच्या गारव्यात होते म्हणतात, म्हणून एके सकाळी लवकर उठून बागेत जायचं. नवऱ्याला हे अजून कळवलेलं नाही. शक्य झालं तर येताना घोटीच्या अलीकडे वळून मुकणे धरणाकाठी व्हॅलोन वायनरी. गावातली मिसळ आहेच, तिला बेत लागत नाही.

आता उरलं आईंचं एक काम. वाईन त्या चाखणार नाहीत. पण शिराझचा घड वेलावर असताना त्यातला एक मणी खाऊन बघायचा आहे त्यांना. भावाच्या बागेत ती द्राक्षं होती तेव्हा यांचं तिकडे जाणंच झालं नव्हतं, आणि गेल्या तेव्हा बाग उपटलेली. "तोडून खाऊ देतात का गं, की रागावतात?" असं दुपारपासून विचारताहेत. एका वायनरीला मेल टाकला, उत्तर नाही. सोमवारी फोन करून विचारते, आणि त्याच फोनमध्ये किलोचा भावही.