सहा मैलांचे साडेदहा मैल

बोटीत टॉयलेट आहे, असं ताईने फोनवर सांगितलं होतं. ते पुढच्या बिछान्याखाली आहे आणि वापरायचं तर आधी गादी उचलावी लागते, हे सांगितलं नव्हतं. ताई स्वतः त्या बोटीने कुठे जात नाही. हेही मला पोर्ट्समथला पोचल्यावर कळलं.

इंग्लंडच्या बाकीच्या सुट्टीबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. लंडन पाहिलं, पाय दुखले, स्टोनहेंजला पाऊस लागला. लिहायचं आहे ते चिचेस्टर हार्बर ते आइल ऑफ वाइट बेटावरचं बेंब्रिज, या सहा सागरी मैलांबद्दल. कारण तेवढ्या अंतरात मी भावोजींवर जितकी चिडले, तितकी ताईच्या लग्नातल्या मानपानातही चिडले नव्हते.

त्यांची बोट म्हणजे कॉर्निश श्रिम्पर १९. रॉजर डोंग्रे यांनी १९७९ मध्ये आखलेली आणि कॉर्नवॉलमधल्या रॉक गावी बांधली गेलेली. अशा हजाराहून जास्त झाल्या. लांबी १९ फूट ३ इंच, रुंदी ७ फूट २ इंच, वजन जेमतेम एक टन. सांगाडा फायबरग्लासचा, पण बोट दिसते शंभर वर्षं जुनी: विटकरी शिडं, नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, पुढे गेलेलं लांब लाकूड, आणि मुख्य शिडाच्या वरच्या कडेला आपल्याकडच्या परबाणासारखं तिरकं लाकूड, त्याला गॅफ म्हणतात. भावोजींनी शेजारच्या निवृत्त गृहस्थांबरोबर अर्धे अर्धे पैसे घालून ती जुनी घेतली. दर मार्च-एप्रिलला दोघं मिळून लाकडाला व्हार्निश लावतात. घराच्या खिडक्यांना मात्र रंग नाही, इति ताई.

आमचं माहेर दाभोळचं. पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे लहान भरती-ओहोटी, हे आम्ही बहिणी आजीकडून शिकलो. पोर्ट्समथजवळही उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, अगदी आपल्या किनाऱ्यासारखीच, त्यामुळे मला उगाचच माहेरी आल्यासारखं वाटलं. पण इथे पाणी चार मीटर चढतं-उतरतं आणि चिचेस्टर हार्बरचं तोंड अरुंद. उधाणाच्या ओहोटीला त्या तोंडातून पाणी सहा नॉटपर्यंत (तासाला सहा सागरी मैल) वेगाने बाहेर पडतं. श्रिम्परचा जास्तीत जास्त वेग साडेपाच. तिची पाण्यातली लांबी साडेसतरा फूट, आणि एवढ्या लांबीची बोट त्या वेगाला स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, वारा कितीही असो. म्हणजे ओहोटीने जोर धरल्यावर बाहेर पडलात आणि विचार बदलला, तर परत आत शिरता येत नाही. बाहेर वाळूचा उंचवटा आहे, तिथे ओहोटी आणि दक्षिणेचा वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात. म्हणून आम्ही भरतीच्या टोकालाच तोंडातून निघालो. इथपर्यंत भावोजींचं गणित मला मान्य होतं.

बेंब्रिज नैऋत्येला. वारा नैऋत्येचा.

शिडाची कुठलीच बोट सरळ वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही, नागमोडी जावं लागतं. उंच डोलकाठीची, त्रिकोणी शिडाची हल्लीची बोट वाऱ्याला ४५ अंश ठेवून जाते, कधी त्याहूनही जवळून. आमची ५५ अंशांवर अडली. त्याहून वर नेली की शीड फडफडायचं आणि बोट थांबायची. कागदावर दहा अंश म्हणजे काहीच नाही. पण ४५ अंशांनी सहा मैलांचे साडेआठ होतात, ५५ अंशांनी साडेदहा. आणि तेही आखूड, उभ्या लाटांतून, जिथे प्रत्येक तिसरी लाट नाळेवर आपटून पाणी थेट माझ्या चष्म्यावर. वेग साडेतीन नॉट.

सुकाणूचा दांडा भावोजींनी कौतुकाने माझ्या हातात दिला होता. वारा वाढला की ही बोट नाळ वाऱ्याकडे वळवू पाहते आणि दांडा हाताला ओढतो. पुढचं लांब लाकूड त्यासाठीच आहे म्हणे, त्यामुळे पुढचं शीड आणखी पुढे जातं आणि तोल सावरतो. माझा खांदा काही सावरला नाही. दर वीस मिनिटांनी बोट वळवायची, दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचं आणि बघायचं, तर मघाचाच तो समुद्रातला गोल दगडी किल्ला पुन्हा तिथेच. व्हिक्टोरियाच्या काळात फ्रेंचांच्या भीतीने बांधलेले हे किल्ले. मला एकेकाचा दगड न् दगड पाठ झाला.

मग आमच्या वाऱ्याकडच्या अंगाने एक पांढरी, चाळीस फुटी बोट निघून गेली. तीत एक बाई मासिक वाचत बसली होती. हातात कप, केस कोरडे.

“भावोजी, इंजिन लावा ना.”

“वारा आहे की.”

“वारा आहे म्हणूनच म्हणतेय.”

त्यांनी ऐकलं नाही. भिजल्या टोपीखालून शांतपणे मला समजावू लागले की गॅफमुळे थोडक्या उंचीत सुमारे १८ चौरस मीटर शीड मावतं, डोलकाठी आखूड राहते, एकटा माणूस ती आडवी करू शकतो, बोट गाडीमागे ओढून नेता येते. शिडाचा जोर खालीच राहतो, म्हणून खाली खोल, जड कील, म्हणजे तळाचा उभा कणा, लावावी लागत नाही. उथळ कील आणि तिच्यातून खाली सोडायची पोलादी प्लेट, एवढ्यावर भागतं. “हिला वाऱ्यावर चढायला बनवलेलंच नाही,” हे शेवटी, तिसऱ्या तासाला. हे वाक्य त्यांनी चिचेस्टरला म्हणायला काय हरकत होती?

बेंब्रिजच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ओहोटी अर्ध्यावर गेली होती. बाहेर ती पांढरी बोट नांगर टाकून उभी. तिची कील दोन मीटर तरी खोल असणार, आणि बेंब्रिजच्या वाटेत तेवढं पाणी आता नव्हतं. (त्यांना आत यायचंच नव्हतं असंही असेल. मला तसं मानायचं नव्हतं.) भावोजींनी दोरी ओढली, चार फूट खाली गेलेली प्लेट वर आली. आता आम्हाला दीड फूट पाणी पुरेसं होतं. वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या ओळीतून आम्ही सरळ आत शिरलो. भावोजी मूळचे साताऱ्याचे, समुद्राशी तीन पिढ्यांत संबंध नाही, पण त्या क्षणी त्यांनी आंग्रे काढलेच: आपली गलबतं खाडीत शिरायची आणि इंग्रजांची मोठी जहाजं बाहेर तोंड बघत राहायची. पांढऱ्या बोटीकडे बघत मी पहिल्यांदाच मान डोलावली.

किनाऱ्यालगत वाळूत बोट कधी टेकली ते कळलंसुद्धा नाही. हलणं थांबलं, एवढंच. तासाभरात पाणी निघून गेलं आणि ती किंचित कलून बसून राहिली. सकाळपासून माझा पहिला स्थिर चहा.

संध्याकाळी ताई आली. चपला हातात, डबा काखेत, ओल्या वाळूतून चालत. पोर्ट्समथच्या साउथसीहून होवरक्राफ्टने दहा मिनिटांत बेटावरचं राइड गाव, तिथून बस. थालीपीठं अजून मऊ होती. बोट जमिनीवर असेल तरच ती चढते. चढली, डेकवर बसून माझ्या केसांतलं मीठ बघून हसली आणि शेवटच्या बसआधी उतरून गेली.

केबिनबद्दल मी भांडणार नाही. एकोणीस फुटांत डिझायनरने मोठी जागा बाहेर बसायला दिली, आणि ते बरोबरच आहे. पण आत डोकं वाकवूनच बसायचं, आणि प्लेटची पेटी मधोमध गेल्यामुळे रात्री कूस बदलताना गुडघा तिच्यावर आपटतो. मध्यरात्रीच्या भरतीला बोट तरंगली तेव्हा मी जागीच होते. गादी उचलण्याचा विषय काढत नाही.

दुसऱ्या दिवशी वारा तोच, आता पाठीमागून. शीड एका अंगाला पूर्ण उघडलं, प्लेट वर, पाच नॉट. सव्वा तासात चिचेस्टर. दांडा दोन बोटांनी धरता येत होता आणि मी चक्क गाणं म्हणत होते. भावोजींना वाटलं, पोरगी पटली. पुढच्या वर्षी पूल नावाच्या बंदराला जाऊ म्हणाले.

पूल पश्चिमेला आहे. तिथे रेल्वे स्टेशन आहे, हे मी त्याच रात्री बघून ठेवलं. ताई आणि मी गाडीने येऊ, डबा घेऊन. बोट कोरडी पडल्यावर चढू.