पुढचं स्टेशन अ‍ॅटनबरो

बीस्टनहून डर्बीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की दोन-चार मिनिटांतच सूचना ऐकू येते, पुढचं स्टेशन अ‍ॅटनबरो. नॉटिंगहॅमच्या कुशीतल्या या बीस्टनला आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्यांदा ते ऐकलं आणि मी चमकून नवऱ्याकडे बघितलं. माझ्या लेखी अ‍ॅटनबरो हा माणूस होता. कोल्हापुरात शाळेने आम्हाला रांगेने 'गांधी' सिनेमाला नेलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस घरोघरी चर्चा होती ती गांधीजींपेक्षा भानू अथैयांची. आपल्या कोल्हापूरच्या बाईला ऑस्कर मिळालं म्हणजे काय! कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी आणि दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो ही नावं तेव्हा पाठ झाली ती झालीच. त्या नावाचं स्टेशन असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

वास्तविक यायला हवं होतं, कारण माझं स्वतःचं आडनाव 'कर'वालं आहे आणि ज्या गावावरून ते पडलं तिथे आमचं एकही घर नाही.

इथल्या वाचनालयात स्थानिक इतिहासाचा एक गट जमतो. बहुतेक सगळे निवृत्त, चहा-बिस्किटं भरपूर. दरवर्षी प्रत्येकाने एक विरळ आडनाव घ्यायचं आणि ते कुठून निघालं, कुठे पसरलं हे शोधायचं. स्मिथ किंवा ब्राऊन घ्यायचं नाही, कारण ती नावं देशभर शंभर ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलेली. विरळ नावाचं मूळ एकच असण्याची शक्यता मोठी. मी अर्थातच अ‍ॅटनबरो मागितलं. गटातल्या एक जुन्या शिक्षिका हसून म्हणाल्या, "सोपं वाटतंय ना? गावावरून पडलं हे तू सिद्ध करेपर्यंत म्हणायचं नाही."

पहिली आपटी तिथेच खाल्ली. मध्ययुगीन इंग्रजीत 'अ‍ॅटन' म्हणजे 'च्या पाशी', आणि 'बरो' म्हणजे गढी. अ‍ॅटवुड म्हणजे रानापाशी राहणारा, अ‍ॅटवेल म्हणजे विहिरीपाशी राहणारा. मग अ‍ॅटनबरो म्हणजे गढीपाशी राहणारा, झालं की! बाईंनी मला गावाच्या नावाची जुनी रूपं दाखवली. त्यांत 'ट' नव्हताच, 'ड' होता. म्हणजे अ‍ॅडा नावाच्या कुणा इसमाची गढी. 'ट' नंतर शिरला. गढी खरी, पण पाशी-बिशी काही नाही.

मग नोंदी. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद आहे. जनगणना दर दहा वर्षांनी, आणि १८४१पासूनच्या गणनेत माणसांची नावं मिळतात. शंभर वर्षं झाल्याशिवाय ती खुली होत नाही, म्हणून सध्या १९२१पर्यंतच पोचता येतं. १९३१चे कागद १९४२मध्ये आगीत गेले आणि १९४१ला युद्धामुळे मोजणीच झाली नाही, तेव्हा पुढची जनगणना आता २०५२मध्ये उघडेल. तोवर मी असेन-नसेन. १८३७च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवा असा हुकूम १५३८मध्ये निघाला. त्याच्याही मागे राजाचे कर. १३७७ ते १३८१ दरम्यानचा डोईपट्टीचा कर आणि पुढे १६६२ ते १६८९पर्यंतचा चुलीवरचा कर: घरात जितक्या शेकोट्या तितके पैसे, वर्षाला दर शेकोटीला दोन शिलिंग. गरिबाचं नाव इतिहासात यायचं ते बहुधा कुणीतरी त्याच्याकडे पैसे मागायला गेलं म्हणून.

१८८१ची जनगणना स्वयंसेवकांनी अख्खी उतरवून काढली आहे आणि ती फुकट बघता येते, म्हणून सगळेजण तिथून सुरुवात करतात. मीही केली. वहीत मी सवयीने मराठीत टिपणं काढत होते. नाव, वय, धंदा, गाव. दोन आठवड्यांनी गटात वही उघडली आणि माझ्या लक्षात आलं काय घोळ झालाय तो. या आडनावाचं स्पेलिंग शेवटी 'ओ यू जी एच' असं आहे, पण कुठे 'ओ डब्ल्यू' आहे, कुठे 'आर' दोनदा, कुठे मधला 'ओ' जाऊन 'यू'. गणनेसाठी दारोदार फिरणाऱ्या माणसाने जे कानाला ऐकू आलं ते लिहिलेलं, कारण दारातल्या माणसालाही बरेचदा लिहिता येत नसे. आणि मी हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं देवनागरीत एकाच 'अ‍ॅटनबरो'त ओतून बसले होते. दोन आठवड्यांचं काम पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी इंग्रजीत, प्रत्येक स्पेलिंग वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने.

पेन्सिलीने यासाठी की अभिलेखागारात शाईचं पेन नेताच येत नाही. नॉटिंगहॅमच्या अभिलेखागारात ओळखपत्र दाखवून वाचक-कार्ड काढलं, पिशवी कपाटात ठेवली आणि चर्चच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म बघायला बसले. १७३३पर्यंत सरकारी न्यायालयी कागद लॅटिनमध्ये असत आणि काही पाद्रीही लॅटिनमध्येच लिहीत. गुलिएल्मुस म्हणजे विल्यम हे कळायला अर्धा दिवस, आणि याकोबुस म्हणजे जेकब नसून बरेचदा जेम्स असतो हे कळेपर्यंत एका कुटुंबाची मी दोन कुटुंबं करून ठेवलेली.

त्यातच एका जोडप्याचं लग्न मला सापडलं मे १७२४मधलं आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२४मधला. मी घाईघाईने वहीत लिहिलं, 'लग्नाआधी मूल!' आणि मनात एक अख्खी कादंबरी रचली. बाईंनी चष्मा वर सरकवून बघितलं आणि म्हणाल्या, "तुझं वर्ष कधी सुरू होतं?" इंग्लंडात १७५२पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. मे १७२४ आधी आणि फेब्रुवारी १७२४ नंतर! बिचाऱ्यांना लग्नानंतर बरोबर नऊ महिन्यांनी मूल झालेलं. गुढीपाडव्याला वर्ष सुरू करणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

पुढची चूक खिशाला लागली. जन्माच्या दाखल्याला साडेबारा पौंड पडतात आणि मी दोन दाखले चुकीचे मागवले, कारण नकाशाच चुकीचा समजून घेतला होता. मला वाटलं होतं की अ‍ॅटनबरो मंडळी एरवॉश नदी ओलांडून डर्बीशायरमध्ये गेलीत, कारण जन्मनोंदींच्या सूचीत 'शार्डलो' खूप वेळा दिसत होतं आणि शार्डलो डर्बीशायरमध्ये आहे. पण जन्मनोंदणीचे जिल्हे परगण्याच्या हद्दीवर नव्हते, गरिबांना मदत देण्याच्या कायद्यासाठी पाडलेल्या जुन्या विभागांवर बेतलेले होते. नॉटिंगहॅमशायरमधल्या स्टेपलफर्डला जन्मलेलं पोर शार्डलोच्या नावावर चढे. कुणी कुठे गेलंच नव्हतं. माझ्या नकाशावरची डर्बीशायरची टाचण्यांची रांग त्या दिवशी मी उपटून पुन्हा नॉटिंगहॅमशायरमध्ये खोचली.

टाचण्यांचा दुसरा धडा असा की नुसती संख्या बघायची नाही. संख्या बघितली तर लंडनलाही भरपूर टाचण्या लागतात, कारण लंडनला माणसंच भरपूर. त्या त्या परगण्याच्या दर लाख वस्तीमागे किती हे काढलं की लंडन फिकं पडतं आणि नॉटिंगहॅम-डर्बीचा पट्टा गडद होतो. या पट्ट्यातल्या माणसांचे धंदे वाचत बसायला मला सगळ्यात आवडलं. शेतमजूर होते, खाणकामगार होते, आणि 'एफडब्ल्यूके' अशी तीन अक्षरं सारखी येत होती. ते विणकर निघाले, मोजे विणण्याच्या मागावरचे. मोज्यांचा माग इथल्याच कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली यांनी १५८९मध्ये काढला आणि पुढची तीनेक शतकं घराघरात तो खडखडत राहिला. इचलकरंजीच्या शेजारी वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माग घरात असला की माणूस गाव सोडत नाही, आणि माणूस हलला नाही की आडनावही हलत नाही.

लंडनला गेलेल्यांची गोष्ट अगदी वेगळी. एकोणिसाव्या शतकात तिथे अ‍ॅटनबरो म्हणजे गहाणवट घेणारा सावकार, इतकी त्यांची दुकानं होती. फ्लीट स्ट्रीटवर जॉर्ज अ‍ॅटनबरो आणि मुलगा यांच्या जवाहिऱ्याच्या आणि गहाणवटीच्या पेढीची इमारत अजून उभी आहे. मी मुद्दाम जाऊन बघून आले. आत आता दुसरंच काहीतरी चालतं.

आणि प्रसिद्ध घराण्याचं काय? रिचर्ड यांचा जन्म १९२३चा केंब्रिजचा, धाकटे भाऊ, निसर्गपटांवाले डेव्हिड, १९२६चे, लंडनजवळच्या आयझलवर्थचे. म्हणून मी त्यांना आधी यादीतून बाजूलाच काढलं होतं. पण वडील फ्रेडरिक हे स्टेपलफर्डच्या बेकरीवाल्याचे चिरंजीव, म्हणजे अ‍ॅटनबरो गावापासून चालत तास-सव्वा तासावरचे. ते जुन्या इंग्रजीचे पंडित होते, सगळ्यात जुन्या इंग्रज राजांच्या कायद्यांचं संपादन त्यांनी १९२२मध्ये केलं, आणि १९३२पासून लेस्टरच्या विद्यापीठ-महाविद्यालयाचे प्रमुख झाले. पाचशे-सहाशे वर्षं हे नाव गावाच्या आसपास रेंगाळलं आणि दोन पिढ्यांत जगभर ऐकू गेलं.

हिवाळ्यात मी त्याच लेस्टरचं एक संशोधन वाचलं. डीएनएच्या ठशांची पद्धत अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४मध्ये जिथे शोधली तेच विद्यापीठ. तिथल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासून काढलं. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, इंग्रजांचं आडनाव जातं तसंच. स्मिथ मंडळींचा एकमेकांशी काही मेळ नाही, रस्त्यावरचे कुठलेही चार पुरुष उभे करावेत तसे. अ‍ॅटनबरोंमध्ये मात्र दहातल्या जवळपास नऊ जणांचा प्रकार एकच, आणि तोही इंग्लंडात विरळा, भूमध्य समुद्राच्या बाजूला जास्त आढळणारा. म्हणजे सगळे बहुधा एकाच पुरुषाचे वंशज. उरलेल्या एकाच्या मागे दत्तक असेल, आईचं नाव लावलेलं मूल असेल, कुणी सासऱ्याचं नाव उचललं असेल.

आणि स्पेलिंग? स्पेलिंगने काही फरक पडत नव्हता. वेगवेगळं लिहिणाऱ्यांमध्येही प्रकार तोच. माझी ती पहिली, वाया गेलेली मराठी वही मी कपाटातून काढून बाईंपुढे ठेवली. त्यांनी देवनागरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तुझी लिपी हुशार आहे." मी ते रंगीत पेन्सिलीचे तीन महिने मोजत होते.

एकच पुरुष का उरला याचंही गणित आहे. १८७३मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी विचारलं होतं की मोठमोठ्या घराण्यांची नावं नाहीशी का होतात, आणि हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्यांनी आकडेमोड करून दाखवली. कुणाला मुलीच होतात, कुणाला मूलच होत नाही, की नाव तिथे थांबतं. चौदाव्या शतकात या गावातून बाहेर पडलेले 'अ‍ॅटनबरोचे' अमुक-तमुक पाच-सहा असतीलही. टिकला एक. बाहेर पडलेले हे महत्त्वाचं. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार? सांगलीत सगळेच सांगलीचे. बाईंना मी हे 'कर' प्रकरण समजावलं तेव्हा त्यांनी ते चहाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं आणि त्या दिवसापासून गटात मला 'कर' म्हणतात.

काम संपवायच्या आधी एकदा त्या स्टेशनवर उतरले. वाळू-खडी उपसून झालेल्या खड्ड्यांची तळी झालीत, आणि १९६६मध्ये त्या पक्षी-अभयारण्याचं उद्घाटन करायला डेव्हिड अ‍ॅटनबरोच आले होते. शेजारी सेंट मेरी चर्च. क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याचा बाप्तिस्मा १६११मध्ये इथलाच. मी दगडांवरची आडनावं वाचत फिरत होते आणि एका सामूहिक थडग्याशी येऊन थांबले. शेजारच्या चिलवेलला तोफगोळ्यांचा कारखाना होता. १ जुलै १९१८ला तिथे स्फोट झाला, १३४ माणसं गेली, आणि त्यांतली फक्त ३२ ओळखता आली. वर्षभर मी नावांच्या मागे पळत होते. तिथे पेन्सिल बाहेर काढली नाही.

गटाने या वर्षी मला माझंच आडनाव घ्यायला लावलंय. इथल्यासारख्या वह्या आपल्याकडे कुठे, असं मी म्हटलं आणि मग आठवलं, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या. काकांना फोन केला. ते दोन वर्षांपूर्वी अस्थी घेऊन गेले होते. म्हणाले, "अगं, आहेत ना आपल्या नोंदी, तुझ्या पणजोबांची सही आहे. पण सापडायला वेळ लागला. गुरुजींनी विचारलं, कुठले? मी आपलं नाव सांगितलं. ते म्हणाले, हे झालं आडनाव. गाव कुठलं?"