आइसलँडचा घोडा गरीब नाही

आइसलँडला येणारा पाहुणा इथल्या घोड्याला ‘गरीब जनावर’ म्हणून मोकळा होतो. कुंपणापाशी येऊन खिसे हुंगणारा हा केसाळ घोडा खांद्याशी जेमतेम 135 ते 145 सेंटीमीटर भरतो, त्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र खोगीर चढताच त्याच्यात जी चालण्याची ओढ दिसते, ती गरिबाची नव्हे. पैदाशीसाठी घोड्यांची पारख होते तेव्हाही स्वभावाला आणि स्वाराला साथ देण्याच्या तयारीला गुण असतात; नुसते शांत असून भागत नाही.

तो सहसा बुजत नाही, याचे एक कारण असे सांगतात की, या बेटावर घोड्याची शिकार करणारे श्वापदच नव्हते. शिवाय इथे घोड्याचे मांस आजही खाल्ले जाते, त्यामुळे माणसाच्या अंगावर धावून जाणाऱ्या घोड्याचा वंश पुढे चालण्याची शक्यता फारशी नसे. बाहेरून घोडे आणण्यास शतकानुशतके बंदी असल्याने रक्त मिसळले नाही. देश सोडून गेलेला घोडा, मग तो विजेता का असेना, परत येऊ शकत नाही.

शिक्षणाची इथली घाई नसलेली रीत मला विशेष आवडते. शिंगरे कळपात वाढतात, अनेक कळप उन्हाळाभर डोंगरात मोकळे असतात, आणि पाठीवर स्वार बसतो तो साधारण चौथ्या वर्षानंतर. त्याआधी शिक्षक अनुभवी घोड्यावर बसून तरुण घोड्याला दोरीने शेजारी चालवतो. शेजारच्या फार्मवर पाहिलेला एक काळा घोडा सुरुवातीला मान ताठ करून मागे रेटत होता. शिक्षकाने दोरी ओढलीही नाही आणि सोडलीही नाही, थोरला घोडा आपला चालत राहिला, आणि काही वेळाने धाकट्याचा खांदा स्वाराच्या गुडघ्याशी आला, तेव्हाच त्याची आयाळ खाजवली गेली.

खरी कसोटी असते ती ‘टोल्ट’ या चालीची. चारही पाय एकेक करून पडतात, एखादा खूर सतत जमिनीला टेकलेला असतो, म्हणून स्वाराला हिसके बसत नाहीत. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रेवाल या बिनहिसक्याच्या चालीचे कौतुक पाहिलेल्यांना ही गोष्ट लगेच कळेल. ही क्षमता एका जनुकाशी निगडित असल्याचे 2012 मध्ये सिद्ध झाले, पण तोल शिकवावाच लागतो. घाई झाली की घोडा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलू लागतो. मग शिक्षक त्याला साध्या चालीवर आणतो आणि तिथून पुन्हा हळूहळू वेग वाढवतो.