हळदीचा लाल डाग

काकूंनी टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेली बॅग टेबलावर ठेवली आणि टॉवेल सोडवता सोडवता त्यांचे हात थरथरत होते, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हे नेहमीचं 'जरा पुसून द्या' वालं काम नाहीये. जूनचा पहिला आठवडा, शनिवार, बाहेर ढग येऊन थांबलेले पण पाऊस नाही, आणि दादरच्या आमच्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये पंखा फुल असूनही सगळ्यांचा घाम निघत होता. आम्ही बॅगा साफ करतो आणि दुरुस्त करतो, मी साफसफाईचं बघते आणि चाचा, जे धारावीत तीस वर्षं लेदरचं काम करून आमच्याकडे आले, ते शिलाई बघतात. चामड्याच्या बॅगा जास्त येतात, पण खरं सांगू का, मला कापडी बॅगाच आवडतात, कारण कापड काही लपवत नाही.

बॅग इटालियन ब्रँडची, क्रीम रंगाच्या जाड कॉटन कॅनव्हासवर तपकिरी अक्षरं विणलेली (छापलेली नाही, विणलेली, याला जॅकार्ड म्हणतात), कडांना आणि पट्ट्याला टॅन लेदर. समोरच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यापासून जवळजवळ मध्यापर्यंत, विटकरी लाल रंगाचा मोठा ओघळ. पहिल्या नजरेत मला वाटलं की लेदरचा रंग कापडात उतरलाय, आणि पोटात गोळा आला, कारण तसं असेल तर तो रंग पूर्ण निघत नाही.

"काकू, काय सांडलं होतं?"

"हळद," त्या म्हणाल्या. "धाकटीची हळद होती गुरुवारी. मोठीची बॅग खुर्चीवर होती, पोरांनी पाण्यात कालवलेल्या हळदीचं भांडं तिच्यावरच उलटं केलं. पिवळाच डाग होता गं. मी म्हटलं वाळायच्या आत धुवून टाकू, तर कपड्याच्या साबणाची वडी लावली आणि ब्रशने घासलं, तर बघता बघता लाल. मोठीला अजून दाखवलं नाहीये. सोमवारी सकाळी तिची बंगळुरूची फ्लाइट आहे."

किंमत विचारली नाही मी, त्यांनीच सांगितली, लाखाच्या वर, लेकीने पहिल्या मोठ्या बोनसमधून घेतलेली. आणि हे सांगताना त्यांच्या डोळ्यात पाणी आलं.

आता हळद साबणाने लाल होते हे आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत केलंय, हळदीचा कागद करून त्यावर साबणाचं पाणी टाकायचा तो दर्शकाचा प्रयोग. हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, अल्कलीत (साबण अल्कलीच असतो) लाल होतो आणि आम्लात परत पिवळा. पण घरात लग्नाची धावपळ असताना कोणाला ते आठवणार, आणि तेवढ्यात 'रंग उतरला' म्हणून अजून जोरात घासलं जातं. काकूंचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ताटावरचा, साडीवरचा, पडद्यावरचा डाग त्यांनी आयुष्यभर असाच काढलाय. फक्त बॅग म्हणजे साडी नाही. आत बकरम असतं (आकार धरून ठेवणारं कडक कापड), कुठे फोम, कुठे सोल्यूशन लावून चिकटवलेल्या पट्ट्या, आणि या सगळ्यावर अस्तर. बाहेरून घातलेलं पाणी आत कुठे कुठे जातं ते दिसत नाही.

म्हणून मी आधी काहीच केलं नाही. दुकानात नोटा तपासायला ठेवलेली यूव्ही बॅटरी असते ना, तसली एक आमच्याकडे आहे, ती घेतली, शटर अर्धं ओढलं आणि बॅगेवर मारली. साध्या क्रीम कापडावर एका मोठ्या भागात निळसर चमक आली. ती साबणाची, कपडे पांढरे दिसावेत म्हणून साबणात जे ब्राइटनर घालतात ते यूव्हीखाली निळं चमकतं. म्हणजे डाग जेवढा दिसत होता त्याच्या दीडपट भागात साबण बसलेला होता. आणि जोपर्यंत साबण आहे तोपर्यंत हळद लालच राहणार.

मग कान साफ करायची कापसाची काडी, त्यावर पाण्यात पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर, एकास चार, आणि कोपऱ्यातल्या शिवणीजवळ, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे फक्त टेकवली. दोन सेकंदात लालचं पिवळं झालं! काकू खुर्चीवरून उठूनच उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हटलं, "काकू, लेदरचा रंग नाहीये हा, हळदच आहे. हळद निघते." आणि तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाण्याचा ग्लास हातात घेतला.

पण अस्तर बघायचं राहिलं होतं. माझी सवय अशी की बाहेरचं काम कितीही सोपं दिसलं तरी बॅग आतून उलटी करून बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. सुरुवातीच्या वर्षात एकदा मी हे केलं नव्हतं, बाहेरून ओलं कापड फिरवलं, आतल्या निळ्या अस्तराचा रंग सुटून कॅनव्हासमधून बाहेर आला, आणि त्या ताईंची बॅग मी दुसऱ्यांदा खराब केली. ती गोष्ट मी विसरू शकत नाही.

तर आतला चेनचा कप्पा उघडला आणि हाताला ओलसर, रवाळ काहीतरी लागलं. बोटं बाहेर काढली तर गुलाबी. कुंकू. हळदीच्या दिवशी कोणीतरी कागदाची पुडी दिलेली, ती कप्प्यात ठेवलेली, वरून पाणी झिरपलं आणि पुडी विरघळली. अस्तर बदामी रंगाचं कॉटन ट्विल, त्यावर तळहाताएवढा गडद गुलाबी डाग. काकूंना हे माहीतच नव्हतं.

तिथेही व्हिनेगरचा बोळा टेकवला. काही फरक नाही. हा तिढा असतो, बघा. पूर्वीचं घरचं कुंकू हळदीला चुना लावूनच करायचे, म्हणजे तेही हळदच, तेही आम्लाने पिवळं पडतं. बाजारातल्या पुडीत बऱ्याचदा सिंथेटिक रंग असतो आणि तो वेगळाच प्राणी आहे. यूव्ही मारली तर नारिंगी-गुलाबी चकाकला. म्हणजे एका बॅगेत दोन लाल, बाहेरचा हळदीचा आणि आतला रंगाचा, दोघांची औषधं वेगळी, आणि मधे एक बकरम, जे ओलं झालं तर बॅगेचा आकारच जाईल.

चाचांना हाक मारली. चाचांनी चष्मा वर केला, तोंडाजवळची शिलाई नखाने चाचपली आणि म्हणाले, "अस्तर निकालना पडेगा, बेटा." काकू घाबरल्या, "अहो, कापू नका हो!" त्यांना वाटलं बॅग फाडणार. मग चाचांनीच दाखवलं, कसं आरीच्या टोकाने एकेक टाका उचलायचा, दोरा कापायचा, कापडाला धक्का लागू द्यायचा नाही, आणि परत शिवताना त्याच भोकांतून मेण लावलेला दोरा हाताने घालायचा. नवीन भोक एकही नाही. नवीन भोकं पडली की लेदरची कड तिकिटासारखी फाटत जाते, म्हणून मशिनवर धरायचं नाहीच. एकशे चौदा टाके होते. ते नेहमी मोजतात, पेन्सिलने पुठ्ठ्यावर लिहून ठेवतात.

अस्तर बाहेर आलं तसं अर्धं टेन्शन गेलं. ते माझ्या टबात, कोमट पाणी आणि न्यूट्रल पीएचचा, म्हणजे ना आम्ल ना अल्कली असा, साबण. त्याआधी पांढऱ्या ओल्या कापडाने दाबून बघितलं होतं, अस्तराचा स्वतःचा रंग सुटत नव्हता. कुंकवाचा डाग तीन पाण्यात निम्मा झाला, मग पांढऱ्या टिपकागदावर ठेवून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने वरून टिपत गेले, दर मिनिटाला कागद बदलायचा, पहिला कागद गडद राणी रंगाचा, आठवा फिकट, बाराव्यावर जवळजवळ काही नाही. आणि तरीही अस्तरावर गुलाबी छटा राहिलीच. घासायचा मोह होतो अशा वेळी. मी थांबले. ट्विल घासलं की त्याचे तंतू उठतात आणि मग डाग जाऊनही ती जागा दिसतच राहते. (आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर कोणी कधीच लावू नका, अस्तर अॅसिटेटचं (एक कृत्रिम कापड) असेल तर ते अॅसिटोनमध्ये चक्क विरघळतं, मी भोक पडलेली अस्तरं बघितली आहेत.)

आता बाहेरचं. कॅनव्हासखाली टॉवेल घालून, फिल्टरच्या पाण्यात पिळलेल्या मलमलने पूर्ण पुढची बाजू शिवणीपासून शिवणीपर्यंत सारखी दमट केली. फक्त डागापुरतं ओलं केलं तर पाणी जिथे थांबतं तिथे मळाची कड उमटते, ती नंतर डागापेक्षा वाईट दिसते. दाबायचं, उचलायचं, परत यूव्ही मारून निळं किती उरलं बघायचं. चार वेळा केलं तेव्हा निळं गेलं. मग व्हिनेगर, सगळं पिवळं. मग वाळवून अल्कोहोल, बाहेरून आत, कडेकडून मध्याकडे, कारण हळद अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मधून सुरू केलं तर ती पसरते. लेदरला टेप आणि प्लॅस्टिक लावून झाकलेलं, अल्कोहोलने लेदरचं फिनिश उतरतं.

दीड वाजता आमच्याकडे फिकट, लिंबासारखी पिवळी सावली उरलेली बॅग होती. अजून अल्कोहोल मारायची माझी हिंमत नव्हती, तपकिरी अक्षरांचा रंग बोळ्यावर अगदी किंचित दिसायला लागला होता.

शेवटचा उपाय ऊन. कर्क्युमिन उन्हात उडतो, म्हणून तर हळदीचा हात लागलेला रुमाल दोरीवर दिवसभर राहिला की डाग फिका होतो. पण ऊन होतं कुठे? मी काळा चार्टपेपर घेतला, डागाच्या आकाराची खिडकी कापली, बॅगेवर बसवला, म्हणजे अक्षरं आणि बाकीचं कापड झाकलेलं राहील आणि उजेड फक्त पिवळ्यावर पडेल, लेदरवर मलमल आणि त्यावर फॉइल, आणि तीन जिने चढून गच्चीत जाऊन बसले. ढग. नुसते ढग. काकूही वर आल्या, त्यांना घरी जा म्हटलं तरी जाईनात, लग्नघर सोडून माझ्या शेजारी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसल्या. सांगत होत्या की मोठी लहानपणी त्यांचीच पर्स खांद्याला अडकवून घरभर फिरायची.

सव्वादोनला ऊन पडलं. असं चटका देणारं, पावसाआधीचं. आम्ही दोघी गप्प. दर दहा मिनिटांनी मी कागद उचलून बघायचे, पहिल्या तीन वेळा काही कळलं नाही, चौथ्या वेळी काकूच म्हणाल्या, "गेलं की गं." खरंच जात होतं. पावणेचारला परत ढग आले तेव्हा खिडकीच्या जागी क्रीम कापड होतं. मी जवळून, तिरक्या उजेडात बघितलं तर ब्रशने घासलेल्या जागी कापडाला थोडी लव आलेली दिसते, तेवढी राहिली. ती मी काकूंना दाखवली, लपवली नाही.

अस्तर रात्रभर पंख्याखाली, उन्हात नाही, आणि बॅगेत बकरम वाळेपर्यंत मलमलचे बोळे. वर्तमानपत्र घालायचं नाही, दमट कापडाला शाई लागते. दर दोन तासांनी बोळे बदलले, शेवटचे रात्री अकराला.

रविवारी संध्याकाळी चाचांनी शिवायला घेतलं, सुट्टी असून आले. साधारण नव्वदाव्या टाक्याला काकू आल्या, आणि बरोबर मोठी लेक. कळलंच होतं तिला, लग्नघरात काय लपतंय. ती काही बोलली नाही, चाचांचा शेवटचा टाका होईपर्यंत उभी राहून बघत राहिली. मग बॅग घेतली, बाहेरून फिरवली, आणि थेट आतला कप्पा उघडून बोट घातलं. मी म्हटलं, "मॅडम, तिथे थोडी गुलाबी छटा राहिली आहे, अजून घासलं असतं तर अस्तर खराब झालं असतं, कप्पा बंद असला की दिसत नाही." तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "असू दे. चालेल."

मी तिला सांगितलं की वापरात नसेल तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, मलमलची पिशवी घ्या, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि डांबरगोळ्या नकोत. ती मान हलवत सामान भरत होती, फोन, चार्जर, बोर्डिंग पासचा प्रिंट. काकूंनी स्वतःच्या पर्समधून एक बोटभर उंचीची स्टीलची डबी काढली, फिरकीच्या झाकणाची, झाकण दोनदा घट्ट आवळलं, आणि तिच्या हातात दिली.

"पुडी नाही देत आता," त्या म्हणाल्या.

लेकीने ती डबी त्याच कप्प्यात ठेवली आणि चेन ओढली.